अजस्र पवनचक्क्या आणि व्यापाऱ्याचा हिशेब

वारा फुकट मिळतो, असे आपण सहज बोलून जातो. पण ज्याने आडतीच्या गादीवर बसून चार पावसाळे काढले आहेत, त्यास फुकट या शब्दाचे मोल ठाऊक असते. शेतकऱ्याच्या खळ्यावर पडलेला गहू आणि गिऱ्हाइकाच्या कोठीत पोचलेला गहू यांच्यामध्ये बारदान, हमाली, भाडे, तूट, व्याज आणि जोखीम उभी असते. वाऱ्याचेही तसेच आहे. तो आकाशात वाहतो तेव्हा फुकट असतो; त्याची वीज होऊन तारेत यावयाची तर त्यावरही भाडे, तूट आणि जोखीम चढते. या लेखात त्या खर्चाचा हिशेब मांडण्याचा विचार आहे. मी यंत्रशास्त्राचा पंडित नव्हे. परंतु मोठ्या उलाढालीतला नफा आणि मोठ्या उलाढालीतला धोका हे दोन्ही एकाच काट्यावर तोलावे लागतात, एवढे शिक्षण बाजाराने मला दिले आहे.

हा विषय आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच भूगोलात आहे. पांढुर्णा व सौंसर हे दोन तालुके मिळून २०२३ साली आपला स्वतंत्र जिल्हा झाला. त्याच्या उत्तरेस सातपुड्याची उंच पठारे आहेत आणि शेजारच्या बैतूल जिल्ह्यात कुकरू-खामल्याकडे पवनचक्क्या पूर्वीच उभ्या राहिल्या आहेत. आजवर मध्य भारतातील बहुतेक टेकड्यांना या धंद्यात कोणी विचारीत नव्हते, कारण समुद्रकाठच्या किंवा घाटमाथ्याच्या मानाने येथील वारा मंद. आता ती स्थिती पालटत आहे. राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्थेने देशाची पवनशक्ती जमिनीपासून १२० मीटर उंचीवर सुमारे ६९५ गिगावॅट धरली होती. तीच १५० मीटर उंचीवर सुमारे ११६४ गिगावॅट भरली. देश तोच, वारा तोच. फक्त खांब ३० मीटरने उंच झाला. तात्पर्य, यंत्र जसजसे मोठे होते तसतशी कालपर्यंत बिनकामाची ठरलेली टेकडी कामाची ठरते. उद्या आपल्या पठारावर जमिनीचे दलाल फिरू लागले, तर नवल मानू नये. ते येण्यापूर्वी विचार केलेला बरा.

प्रथम नफ्याची बाजू पाहू. पवनचक्कीची पाती फिरताना जे वर्तुळ आखतात, त्या वर्तुळाच्या क्षेत्रफळावर वीज अवलंबून असते. व्यास दुप्पट केला की क्षेत्र चौपट होते. वाऱ्याच्या वेगाचा परिणाम तर याहून मोठा आहे: वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. सेकंदास ६ मीटरचा वारा ७ मीटरवर गेला, तर शक्ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. आणि उंच गेले की वाऱ्याचा वेग वाढतोच. म्हणूनच जगभर यंत्रांचा आकार फुगत चालला आहे. गुजरातेत मुंद्रा येथे बनणाऱ्या ५.२ मेगावॅटच्या चक्कीचा व्यास १६० मीटर आहे. तिचे वर्तुळ जवळजवळ पाच एकर आकाश व्यापते आणि पात्याचे टोक २०० मीटर उंच जाते. डेन्मार्कच्या वेस्टास कंपनीने समुद्रासाठी केलेल्या १५ मेगावॅटच्या यंत्राचा व्यास २३६ मीटर, म्हणजे वर्तुळ पावणेअकरा एकरांच्या वर. चीनमध्ये डोंगफांग कंपनीने २६ मेगावॅटचे यंत्र तयार केले असून त्याचा व्यास ३१० मीटरांहून अधिक आहे.

आता खर्चाची बाजू. व्यास दुप्पट केल्याने वीज चौपट मिळते खरी, पण यंत्राचे सर्व भाग त्याच प्रमाणात लांब, रुंद व जाड केले तर वजन आठपट होते. उत्पन्न वर्गाने वाढते आणि ओझे घनाने वाढते, हे या धंद्याचे मूळ दुखणे होय. हलकी काचतंतूंची व कार्बनतंतूंची पाती करून अभियंत्यांनी या नियमाची धार पुष्कळ बोथट केली आहे, पण नियम मोडलेला नाही. शिवाय पाते फिरताना प्रत्येक फेऱ्यात एकदा स्वतःच्या वजनाने एका बाजूस वाकते आणि एकदा दुसऱ्या बाजूस. वीस वर्षांच्या आयुष्यात असे हेलकावे दहा कोटींच्या आसपास जातात. तार वारंवार वाकविली की अखेर तुटते, हे पोत्यांची तोंडे बांधणारा पोऱ्याही जाणतो. त्यातच टोकाचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्या वर असतो. एवढ्या वेगाने धावणाऱ्या कडेवर पावसाचा थेंब गारेसारखा बसतो आणि पात्याची धार झिजवितो. आपल्या देशात वाऱ्याचा मुख्य हंगाम आणि पावसाचा हंगाम एकच, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

मोठेपणाचा हा मोह नवा नाही. अमेरिकेत व्हरमाँट प्रांतातील एका टेकडीवर १९४१ साली पामर पटनम यांनी सव्वा मेगावॅटची चक्की उभारली. तिचा व्यास ५३ मीटर होता. १९४५ च्या मार्चमध्ये तिचे एक पाते मुळाशी तुटून दूर जाऊन पडले, आणि तेवढे मोठे यंत्र पुन्हा उभारण्याचे धाडस पुढे सुमारे तीन दशके कोणी केले नाही. जर्मनीने १९८३ साली ‘ग्रोवियान’ नावाची ३ मेगावॅटची, १०० मीटर व्यासाची चक्की बांधली. ती अवघे ४२० तास चालली आणि भेगांमुळे १९८७ साली तिचा कारभार आटोपला. याच्या उलट डेन्मार्कमध्ये ख्रिस्तियान रीसेगर नावाच्या एका सुताराने १९७० नंतरच्या दशकात २२ किलोवॅटची लहानशी चक्की केली, ती चालली, तिच्यासारख्या आणखी निघाल्या आणि त्यांतूनच पायरी-पायरीने आजचा उद्योग वाढला. प्रचंड यंत्रे निजली. सुताराचे यंत्र चालत राहिले. भांडवल थोडे, अनुभव रोजचा आणि वाढ हळूहळू, ही आपल्या वाडवडिलांची रीतही हीच होती.

हे सारे जुने झाले, आता विज्ञान पुढे गेले आहे, असे कोणी म्हणेल. ते अर्धेच खरे आहे. आपल्या देशातील सुझलॉन ही कंपनी तुलसी तांती यांनी १९९५ साली स्थापिली. त्यांचा मूळ धंदा कापडाचा. विजेच्या वाढत्या बिलावर उपाय म्हणून त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या आणि पुढे त्यांचाच कारखाना काढला. व्यापारी माणसाने अभिमान बाळगावा असाच हा पराक्रम. पण त्याच कंपनीने अमेरिकेत पाठविलेल्या मोठ्या पात्यांना तडे गेले आणि २००८ साली १,२५१ पाती बळकट करण्याची किंवा बदलण्याची पाळी तिच्यावर आली. त्या धक्क्याचे आणि वाढत्या कर्जाचे ओझे कंपनीस पुढे कित्येक वर्षे वाहावे लागले. २०२३ साली सीमेन्स गमेसा या जगड्व्याळ कंपनीच्या जमिनीवरील नव्या यंत्रांत दोष निघाले, आणि तिच्या पालक कंपनीस त्या एका आर्थिक वर्षात सुमारे ४६० कोटी युरोंचा तोटा सोसावा लागला. १३ जुलै २०२४ रोजी अमेरिकेच्या नँटकेट बेटानजीक समुद्रात १०७ मीटर लांबीचे पाते मोडून पडले, त्याचे तुकडे किनाऱ्यावर वाहत आले आणि ऐन हंगामात स्नानाचे किनारे बंद ठेवावे लागले. कारखान्यात पात्याचे थर नीट चिकटले नव्हते, हे कारण पुढे निष्पन्न झाले. २०२५ साली कंपनीने त्या गावास एक कोटी पाच लाख डॉलर देण्याचे मान्य केले. यावरून एक गोष्ट ध्यानी येते. नव्या मोठ्या यंत्राची परीक्षा पुरी होण्यापूर्वीच त्याहून मोठे यंत्र बाजारात आणण्याची चढाओढ लागली आहे. पहिल्या गाडीचा माल उतरून तपासला नाही तोच दुसऱ्या गाडीचा सौदा करणारा व्यापारी कोणत्या वाटेने जातो, हे आपणांस सांगावयास नको.

आता हे यंत्र आपल्या भूमीवर आणून पाहू. ७९ मीटर लांबीचे पाते सांध्याविना एकसंध असते. ते घेऊन येणारी गाडी मुलताईकडचा चढ किंवा सौंसरहून छिंदवाड्याकडे जाणारा सिल्लेवानीचा घाट कशी चढणार? त्यासाठी वळणे कापावी लागतील, झाडे तोडावी लागतील, पूल बळकट करावे लागतील. आपल्या पांढुर्ण्याच्या संत्रा-बाजारातून हंगामात ट्रक निघतात तेव्हा रस्त्यांची काय अवस्था होते, ती आपण पाहतोच. वर पोचल्यावर शेकडो टनांची क्रेन उभी करण्यासाठी पठार सपाट करावे लागते. पायाला कित्येकशे घनमीटर काँक्रीट लागते. आणि आपली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून पाया खाली मुरूम किंवा काळा पाषाण लागेपर्यंत न्यावा लागतो. हे काम चुकले तर वरचे यंत्र कितीही उत्तम असो, ते कुचकामी ठरते.

घाटमाथ्यावरील रस्ते काय करू शकतात, याचे उदाहरण पुणे जिल्ह्यात आहे. भीमाशंकर अभयारण्याच्या शेजारी पवनचक्क्यांसाठी जंगलातून रस्ते काढले गेले. डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ सालच्या अहवालात त्यांची दखल घेतली: उभ्या उतारावर निष्काळजीपणे केलेले रुंद खोदकाम, ढासळणाऱ्या दरडी आणि खाली शेतांत व जलाशयांत वाहत जाणारा राडारोडा. तेथील यंत्रे आजच्या मानाने लहानच होती. त्यांच्यासाठी एवढे रुंद रस्ते लागले, तर त्याहून कितीतरी पट मोठ्या यंत्रांसाठी किती लागतील, हे त्रैराशिक ज्याचे त्याने मांडावे. आपल्या टेकड्यांवरून उतरणारे पाणी जाम नदीत आणि कन्हान नदीत जाते. वरचा उतार ढासळला की खालची विहीर आणि खालची संत्र्याची बाग दोन्ही भोगतात.

दुसरे उदाहरण सातारा जिल्ह्यातील. वनकुसवडे व चाळकेवाडी ही पठारे देशातील पवनचक्क्यांची जुनी व नामांकित ठाणी. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील डॉ. मारिया ठाकर व त्यांचे सहकारी यांनी चाळकेवाडीच्या पठारावर अभ्यास करून २०१८ साली तो प्रसिद्ध केला. चक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्षी सुमारे चौपटीने कमी आढळले. शिकारी नाहीसे झाल्याने सरडे वाढले, त्यांची भीती कमी झाली, पण गर्दीमुळे ते कृश झाले. म्हणजे परिणाम केवळ पात्यावर आदळून मरणाऱ्या पक्ष्यापुरता राहत नाही. तो साखळीने खाली उतरतो. आपणां धान्याच्या व्यापाऱ्यांस यातून काय बोध? शेतातील व वखारीभोवतालचे उंदीर घार, ससाणा व घुबड खातात. रात्री पिकांवरील कीटक वटवाघळे खातात, आणि फिरत्या चक्क्यांखाली वटवाघळे मोठ्या संख्येने मरतात, हे अनेक देशांत आढळले आहे. हे बिनपगारी पहारेकरी गेले तर त्यांचा पगार पुढे औषधांच्या रूपाने शेतकऱ्यास आणि पर्यायाने आपणांस द्यावा लागेल. जीवदयेचा विचार तर आपल्या समाजास कोणी शिकवावयास नको. पण येथे दया आणि हिशेब दोघेही एकच गोष्ट सांगत आहेत.

तारांचे संकट वेगळेच आहे. माळढोक हा जड अंगाचा पक्षी. त्यास समोरची तार वेळेवर दिसत नाही. नान्नजच्या माळावर तो एके काळी सहज दिसे. आज साऱ्या देशात दीडशेच्या आसपास उरला आहे. राजस्थान व कच्छमधील त्याच्या प्रदेशात विजेच्या तारा जमिनीखालून न्याव्यात, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. तो सर्वत्र पाळणे कठीण आहे असे दिसून आल्यावर २०२४ च्या मार्चमध्ये न्यायालयाने तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. आधी तारा टाकावयाच्या आणि मग पक्ष्याची आठवण करावयाची, या उलट्या क्रमामुळे कंपनी, सरकार आणि पक्षी तिघेही अडचणीत आले.

तथापि न्यायाने बोलावयाचे तर विरोधाच्या नावाखाली जे काही सांगितले जाते, ते सर्व खरे नव्हे. पवनचक्क्या ढग पळवितात व पाऊस अडवितात, अशी समजूत अवर्षणाच्या वर्षांत सातारा-सांगलीपासून धुळ्यापर्यंत पसरली होती. पाऊस देणारे ढग शेकडो ते हजारो मीटर उंचीवर असतात आणि मोसमी वाऱ्यांचा पसारा हजारो किलोमीटरांचा. त्यापुढे चक्की म्हणजे वादळातील पंखा. अशा समजुतीच्या आधारे केलेला विरोध खऱ्या तक्रारींचे वजन घालवितो.

मोठ्या यंत्राच्या बाजूनेही एक सबळ मुद्दा आहे. तेवढ्याच विजेसाठी ३५० किलोवॅटच्या पंधरा चक्क्या उभाराव्या, की ५ मेगावॅटची एक? एक उभारली तर पाये कमी, जागा कमी आणि पाती मंद फिरतात. शिवाय कोळशाला पर्याय हवाच. परासिया-जुन्नारदेवच्या खाणी, सारणीचे वीजकेंद्र आणि नागपूरजवळची कोराडी-खापरखेड्याची धुराडी यांच्या मध्ये आपण राहतो; कोळशाच्या राखेचे गुणगान आपण तरी करू नये. देशाची पवनवीज क्षमता २०२५ च्या मार्चअखेर ५० गिगावॅटांच्या वर गेली, ही समाधानाचीच गोष्ट आहे. सबब माझे म्हणणे पवनचक्की नको असे नाही. यंत्र रस्त्याला, डोंगराला आणि ऐपतीला पेलेल एवढेच असावे, इतकेच म्हणणे आहे.

येथे व्यापारी बंधूंस एक आठवण द्यावीशी वाटते. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के घसारा कापून मिळत असे. ही सवलत २०१२ साली बंद झाली, २०१४ साली परत आली आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर उतरली. त्या काळात कित्येकांनी वारा न पाहता केवळ कर वाचविण्यासाठी चक्क्या घेतल्या. ज्याचे लक्ष घसाऱ्याकडे, त्याचे लक्ष युनिटांकडे कोठून राहणार? करसवलत म्हणजे नफा नव्हे. त्याचप्रमाणे हेही पाहावे की वीज मुख्यत्वे आषाढ-श्रावणात निर्माण होते आणि गहू-हरभऱ्याला पाणी देणारे पंप मात्र कार्तिकापासून माघापर्यंत चालतात. धान्य वखारीत ठेवता येते. विजेची वखार अद्याप फार महाग आहे.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे आपल्या संघाने व जिल्ह्यातील लोकप्रतिनिधींनी पाच गोष्टींचा आग्रह धरावा. पहिली, नव्या टेकड्या फोडण्यापूर्वी जुन्या जागा वापराव्या. साताऱ्यासारख्या उत्तम वाऱ्याच्या ठिकाणी जुनी लहान यंत्रे आयुष्याच्या अखेरीस आली आहेत. त्या जागी नवी बसवावी म्हणून केंद्र सरकारने २०१६ साली धोरण काढले व २०२३ च्या डिसेंबरात ते सुधारले. त्यास गती द्यावी. दुसरी, जमिनीवरील पवनचक्क्यांना २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली मंजुरी लागत नाही; सबब जेथे नवी जागा घ्यावयाची तेथे कंपनीबाहेरच्या तज्ज्ञांकडून निदान वर्षभर सर्व ऋतूंत पक्षी, वटवाघळे व पाणी यांची पाहणी करवून ती ग्रामसभेपुढे मराठी व हिंदीतून वाचून दाखवावी. तिसरी, मंद वाऱ्याच्या रात्री यंत्र थांबविले तर वटवाघळांचे मरण निम्म्याने व त्याहून अधिक घटते आणि वार्षिक विजेची तूट शेकडा एकाच्या आसपास राहते, असे अमेरिकेत दिसले आहे. नॉर्वेतील स्मेला बेटावर तीनपैकी एक पाते काळे रंगविल्याने पक्ष्यांचे मृत्यू सुमारे ७० टक्क्यांनी घटले, जरी तो प्रयोग चारच यंत्रांवर झाला. असे स्वस्त उपाय करारातच लिहून घ्यावेत. चौथी, केंद्राच्या मार्गदर्शनात वस्तीपासून ५०० मीटर अंतर सांगितले आहे. यंत्राचे टोक २०० मीटरवर गेल्यावर तेच अंतर पुरेसे आहे काय, याचा फेरविचार व्हावा.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. काचतंतूंचे पाते वितळवून पुन्हा उपयोगात आणता येत नाही. अमेरिकेत वायोमिंग प्रांतात जुनी पाती रांगेने पुरली गेली. त्यांचा चुरा करून सिमेंटच्या भट्टीत वापरण्याचा आणि नव्या प्रकारची सुटी करता येणारी पाती बनविण्याचा मार्ग आता निघाला आहे, पण त्यास पैसा लागतो. वीस-पंचवीस वर्षांनी कंपनी राहील की नाही, कोणी सांगावे? शेतकऱ्याच्या बांधावर मोडका खांब व पुरलेले काँक्रीट मात्र राहील. म्हणून यंत्र उतरविण्याचा व जमीन पूर्ववत करण्याचा खर्च पहिल्याच दिवशी अनामत ठेव म्हणून बँकेत जमा करून घ्यावा, आणि ती अट भाडेपट्ट्यात नसेल तर कोणीही सही करू नये. मालाची नोंद होताना परतीच्या बारदानाचीही नोंद होते, ही आपल्या पेढीची जुनी शिस्त आहे.

सातपुड्याचा वारा कोठे पळून जात नाही. आज घाई न केल्याने तो उद्या कमी वाहणार नाही. उलट आज चढाओढीत असलेल्या यंत्रांची परीक्षा तोवर दुसऱ्यांच्या खर्चाने पुरी झालेली असेल. परंतु एकदा कापलेला उतार आणि एकदा उडून गेलेला ससाणा कोणत्याही ठेवीतून परत मिळत नाही. तेव्हा जे बंधू उद्या पट्ट्यावर सही करावयास किंवा भांडवल गुंतवावयास बसतील, त्यांनी यंत्राची उंची विचारण्यापूर्वी त्याचा चालू राहण्याचा इतिहास विचारावा, आणि वार्षिक भाड्याचा आकडा पाहण्यापूर्वी शेवटच्या वर्षाची अट वाचावी, एवढीच विनंती.